सखीरच्या धुक्यातलं रडणं

बहारीनहून परत आले त्या आठवड्यात गल्लीत ज्याने त्याने एकच विचारलं, "सोनं आणलं का?" नाही आणलं. खजूर आणले, केशर घातलेला चिकट हलवा आणला, भाचीने काढलेलं समुद्राचं चित्र आणलं. मोत्यांचं दुकान पाहिलं, समुद्रावरचा लांबलचक पूल पाहिला, हे सगळ्यांना सांगून झालं. एक गोष्ट मात्र महिनाभर कोणाला सांगितली नाही. ती आता लिहिते आहे, कारण ती सोडून बाकी प्रवास लिहायला बसले की पेन पुढे सरकत नाही.

मी कुंदा. वाशीम जिल्ह्यात तेहतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालची. गाईगुरांना लसी टोचल्या, शेळ्यांची अडलेली बाळंतपणं सोडवली, पिसाळलेल्या कुत्र्यांच्या मागे गावं पालथी घातली. निवृत्त झाले तेव्हा धाकटा भाऊ मिलिंद फोनवर म्हणाला, "ताई, आता तरी ये. आयुष्यभर जनावरंच पाहिली तू. जरा समुद्र पाहा."

हमद टाउन

मिलिंद बहारीनमध्ये चौदा वर्षं आहे. बायको सुजाता एका ऑफिसात हिशेबनीस, मुलगी आर्या अकरा वर्षांची. घर हमद टाउनमध्ये. हे गाव मुद्दाम आखून वसवलेलं, त्यामुळे एका घरासारखं दुसरं घर. आपल्याकडे पत्ता सांगताना 'पाण्याच्या टाकीपासून डावीकडे' म्हणतात, इथे रस्त्यातल्या गोल चौकाचा नंबर सांगतात. दुसऱ्याच दिवशी मी एकटी दूध आणायला गेले आणि एक चौक चुकून पाऊण तास हिंडत राहिले. शेवटी एका बांगलादेशी पोराने सायकल हातात धरून मला घरापर्यंत सोडलं. आर्या दार उघडून म्हणाली, "आत्या, यू शुड टेक अ फोन!" तिला मी बोललेलं सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. आठ दिवसांत आमचं छान जमलं. ती इंग्रजी बोलायची, मी वऱ्हाडी, आणि दोघींना कळायचं.

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. रोज संध्याकाळी आम्ही चौघं वंदना घ्यायचो. ज्वारीचं पीठ मिळायचं, सुजाता भाकरी थापायची. एवढ्या दूर येऊन मी घरचंच जेवत होते.

गुदैबिया

मिलिंद जिथे नोकरी करतो ते इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करायचं दुकान राजधानी मनामातल्या गुदैबियात आहे. जुन्या इमारती, खाली एकाला एक लागून आपल्या लोकांची दुकानं, डोश्याचा वास, मधूनच अत्तराचा. मला तिथे बसायला आवडायचं. चालता येतं, माणसं बोलतात.

तिथेच एका दुपारी अबू खालिद आले. साठीचे, पांढरा झगा, डोक्याला लाल चौकडीचा रुमाल. भारतीय गिऱ्हाइकांशी व्यवहार करून शिकलेलं मोडकं हिंदी बोलायचे. त्यांनी काउंटरवर हिरवट रंगाचा एक भोंगा ठेवला. सोबत छोट्या पडद्याचा रिमोट. पुतण्याने अमेरिकेहून आणलेला. तिकडे कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचं एक जनावर असतं, कायोटी म्हणतात त्याला. शिकारी लोक हा भोंगा रानात ठेवतात, दूर लपतात, रिमोटवर आवाज लावतात. जनावर आवाजाकडे येतं आणि गोळी खातं.

मिलिंदने बॅटरी बदलली, एक तार जोडली आणि बटण दाबलं.

दुकानात किंकाळी उठली. मी स्टुलावरून उठून उभीच राहिले. शेजारचे किराणावाले श्रीवर्धनचे काझीभाई हातातला तराजू टाकून धावत आले. "अरे, कुणाचा पोर पडला?"

"पोर नाही भाई, ससा आहे," मिलिंद म्हणाला. "मशीनमधला."

काझीभाईंनी भोंग्याकडे पाहिलं. "असला आवाज विकतात?" म्हणाले आणि मान हलवत गेले.

मीही तेच मनात म्हणत होते. आर्या शाळेतून तिथे आली होती, तिने पडद्यावरची यादी वाचून दाखवली. दोनशेच्या वर आवाज. जखमी ससा. सशाचं पिल्लू. पकडलेला सुतारपक्षी. कुत्र्याचं पिल्लू, विव्हळणारं. हरणाचं पाडस. मी हबकून ऐकत होते. यातला एकेक आवाज म्हणजे कधीतरी खरोखर एक जीव कुठेतरी अडकला असणार, ओरडला असणार, आणि त्याला सोडवायचं सोडून कोणीतरी शेजारी माइक धरून बसलं असणार. तेहतीस वर्षं जनावरांत काढून मला हे माहीत नव्हतं.

अबू खालिदना शिकार करायची नव्हती. सखीरच्या माळावर त्यांचा शेळ्यांचा गोठा होता आणि भटक्या कुत्र्यांनी तीन करडं मारली होती. "मेरा भाई बोलता, ज़हर डालो," ते म्हणाले. "मैं बोला, नहीं, हराम." त्यांनी एक मोठा पिंजरा आणला होता. कुत्री धरून प्राण्यांची काळजी घेणाऱ्या लोकांकडे द्यायची, ते नसबंदी करतात. पण कुत्री हुशार, पिंजऱ्याजवळ फिरकत नव्हती. "बहन, तुम डॉक्टर?"

"डॉक्टर नहीं. उसके नीचे," मी म्हणाले.

"कौन सा आवाज़ लगाना, तुम बोलो."

विष घालून मारलेली कुत्री मी आमच्याकडे पाहिली आहेत. त्यांचं मरण पाहिलं की दोन दिवस जेवण जात नाही. म्हणून मी हो म्हणाले. मिलिंद घरी जाताना म्हणाला, "तू कायले पडते यात? समुद्र पाहायले बलावलं होतं तुले." पण तो हसत होता.

सखीर, मंगळवार आणि बुधवार

वाळवंट म्हणजे मला वाळूच्या टेकड्या वाटल्या होत्या. सखीरचा माळ तसा नाही. कडक, खडीचा, मधूनच खुरटी झुडपं, तेलाचे नळ आडवे गेलेले. थंडीत तिथे तंबूच तंबू उभे राहतात. चांगल्या घरादाराची माणसं सुट्टीला हौसेने तंबूत राहायला येतात. गालिचे, जनरेटर, दिव्यांच्या माळा, मुलांसाठी झोपाळे. आपल्याकडे पालात राहतो तो ऊसतोडीवाला, आणि त्याला घर हवं असतं. मी त्या झोपाळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले होते.

मिलिंदची ड्यूटी नऊची, म्हणून आम्ही पहाटेचे जायचो. मंगळवारी मी कायोटीची आरोळी लावून पाहिली. कुत्र्यांना वाटेल, आपल्या हद्दीत दुसरं कोणी आलं, आणि ती पाहायला येतील. कुत्र्यांनी लांबूनच उत्तर दिलं आणि आणखी लांब गेली. इकडे अबू खालिदच्या शेळ्या मात्र बिथरल्या. पाण्याची टाकी उलटी, कुंपणाची एक बाजू आडवी, आणि आम्ही तिघं एक तास शेळ्यांमागे पळतोय. त्यांच्या गड्याने मग आम्हाला चहा दिला आणि कुंपण उभं करायला गेला.

बुधवारी मोठ्या सशाची किंकाळी लावली. एक पिवळी कुत्री आली. सरळ नाही आली, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने आली, आमचा वास घेतला आणि गेली. त्यावरून मला तीन गोष्टी कळल्या. आपण वाऱ्याकडे तोंड करून बसायचं, म्हणजे आपला वास पिंजऱ्याकडे जात नाही. भोंगा आपल्यापासून लांब, पिंजऱ्याच्या मागे ठेवायचा, म्हणजे जनावराचं लक्ष तिकडे राहतं. आणि आवाज आधी हळू लावायचा, जनावर जवळच असलं तर मोठ्या आवाजाने ते पळतं.

राहिला प्रश्न आवाज कोणता. बुधवारी संध्याकाळी मी, मिलिंद आणि आर्या घरात बसून एकेक ऐकत होतो. आर्या फोनवर रेकॉर्ड करून घेत होती. कुत्र्याच्या पिल्लाचा आवाज मला नको होता. पिवळी कुत्री ओली बाळंतीण दिसत होती, तिला तिच्या पिल्लांच्या नावाने फसवणं जिवावर आलं. सशाच्या अगदी लहान पिल्लाचा आवाज लागला तेव्हा मी म्हणाले, "हाच." इथल्या कुत्र्यांना ससा ठाऊक नसेल, पण संकटातलं लहानगं कुठल्याही जातीचं असो, सारखंच रडतं.

आर्याने कान झाकले. "आत्या, इट साउंड्स लाइक अ बेबी."

"म्हणून तर येतील," मी म्हणाले.

सखीर, शुक्रवार

त्या दिवशी धुकं होतं. तिकडे थंडीत असं धुकं पडतं की गाडीचं बॉनेटसुद्धा दिसत नाही. मिलिंद म्हणाला, परत जाऊ. मी म्हणाले, धुकं चांगलंच, आपण दिसणार नाही.

पिंजरा गोठ्यापासून दोनशे पावलांवर एका खळग्यात होता. माणूस वाकून आत जाईल एवढा मोठा. मागच्या टोकाला भाजलेली कोंबडी बांधलेली, मधल्या पत्र्यावर पाय पडला की पुढचं दार वरून खाली येणार. वरून गोणपाट टाकलेलं. आम्ही तिघं अबू खालिदच्या पिकअपमध्ये बसलो. रिमोट माझ्या हातात. उजाडत होतं.

मी आवाज हळू लावला. मग थांबवला. मग थोडा मोठा. धुक्यात तो आवाज कुठून येतो आहे ते कळत नव्हतं, सगळीकडून येत होता. दहा मिनिटं गेली. डावीकडून एक कुत्रं पळताना दिसल्यासारखं वाटलं, मग आणखी एक. अबू खालिदनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी आवाज पूर्ण मोठा केला.

आणि खळग्यातून दार पडल्याचा खणकन आवाज आला.

"यल्ला! खलास!" झालं काम, म्हणत अबू खालिदनी मांडीवर थाप मारली. मिलिंदने माझा हात दाबला. मी हसत होते. हे मला लिहायलाच हवं, मी हसत होते.

मी रिमोटचं बटण दाबलं. रडणं थांबलं नाही.

पुन्हा दाबलं. वाटलं, धुक्यात रिमोट पोचत नसेल. मिलिंदने तो माझ्या हातातून घेतला, पडदा पाहिला. "ताई, बंद आहे हे."

"मग?"

"बंद आहे म्हणतो ना!"

मग मी दार उघडून उडी मारली. माझ्या गुडघ्यांना चार वर्षांपासून जिना चढवत नाही, त्या दिवशी मी त्या खडीवरून धावले.

पिंजऱ्याभोवती तीन कुत्री होती. पिवळी जाळीला नाक लावून उभी होती. आत, मागच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या झोपायच्या कपड्यातली चार वर्षांची मुलगी पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि रडत होती. तिची एक चप्पल दाराबाहेर पडली होती.

अबू खालिदनी डोक्यावरचा रुमाल ओढून कुत्र्यांवर भिरकावला, ओरडले, दगड मारले. कुत्री धुक्यात मागे सरली. मिलिंद दार वर ओढत होता, पण त्याला खीळ सापडेना. मी त्याला बाजूला केलं आणि खीळ काढली. एवढी वर्षं गुरांना अडकवायच्या आणि सोडवायच्या खिळी काढल्या, तेवढंच हाताला आठवलं. मी आत वाकले, हात पुढे केला. मुलगी माझ्याकडे आली नाही. ती हुंदके देत जाळीच्या पलीकडे, भोंगा ठेवला होता तिकडे बोट दाखवत होती.

"बेबी," ती म्हणत होती. "बेबी."

अरबीतले मला दहा शब्द येतात. हा शब्द मात्र तिथेही तोच आहे. ती रडणाऱ्या बाळाला शोधत आली होती.

मंगळवारी आणि बुधवारी आजूबाजूचे तंबू रिकामे होते. सुट्टी गुरुवारी संध्याकाळपासून लागते, तेव्हा माणसं येतात. हे मला ठाऊक होतं, आठवलं मात्र नाही. मी वारा पाहिला, धुकं पाहिलं, कुत्री पाहिली. माणसं नाही पाहिली.

तेवढ्यात धुक्यातून एक बाई धावत आली. अनवाणी, डोक्यावरचा कपडा खांद्यावर घसरलेला, एकच नाव ओरडत, "नूर! नूर!" तिने आम्हाला पाहिलंसुद्धा नाही. पिंजऱ्यात शिरली, मुलीला ओढून बाहेर काढलं आणि तिथेच खडीवर बसून तिचे हात, पाय, मान, डोकं चाचपत राहिली. दाराची कड घासून मुलीच्या टाचेवर रक्त आलं होतं. मी म्हणाले, मला बघू दे. तिने मुलीला माझ्यापासून लांब फिरवलं.

मग तिने मान वर केली, नूर बोट दाखवत होती तिथला भोंगा पाहिला आणि इंग्रजीत विचारलं. एवढं इंग्रजी मला कळतं. हे कोणी लावलं?

अबू खालिद छातीवर हात ठेवून पुढे झाले. बोलायला तोंड उघडलं त्यांनी. मी आधी बोलले. "मैंने."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मुलीला कडेवर घेऊन ती धुक्यात गेली. थोड्या वेळाने तिचा नवरा आला आणि अर्धा तास ओरडला. अबू खालिद मान खाली घालून उभे होते, मिलिंदही. तक्रार करीन, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. गोठ्यातल्या गड्याने माझ्या हातात चहा दिला. पेला मी तसाच खाली ठेवला.

पुन्हा हमद टाउन

त्यानंतरचे तीन दिवस मी समुद्र पाहिला नाही की बाजार. तक्रार झाली तर काय होतं ते सुजाता मला सांगत नव्हती, पण रात्रीच्या भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं. मिलिंदची नोकरी, व्हिसा, आर्याची शाळा. चौदा वर्षांचं सगळं माझ्या एका बटणावर आलं होतं. "ताई, तुम्ही मुद्दाम नाही केलं," सुजाता म्हणाली. वंदनेत 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीवहिंसा करणार नाही, हे म्हणताना मी मध्येच थांबले. आर्याने माझा हात धरला आणि पुढचं तिनेच म्हटलं.

डोळे मिटले की दार पडल्याचा तो खणकन आवाज यायचा, आणि मी हसते आहे हे दिसायचं. पिंजरा नसता तर ती तीन कुत्री आणि ती मुलगी समोरासमोर आली असती, असं मिलिंद मला समजावत होता. "पिंजऱ्यानं वाचोलं तिले." खरं असेल. पण कुत्र्यांनाही मीच बोलावलं होतं.

सोमवारी अबू खालिदचा फोन आला. मुलीच्या आईने बोलावलं आहे. मिलिंदचा चेहरा उतरला. "पोलीस असतील तिथं. तू नको येऊ, मी जातो."

"बटण तू दाबलं होतं का?" मी म्हणाले आणि चपला घातल्या.

जिदहफ्स

जिदहफ्स मनामाच्या पश्चिमेला आहे. बाजार ओलांडून गल्लीत शिरलं की दाटीने घरं, त्यातलं एक नूरचं. पोलीस नव्हते. दार मुलीच्या आजीने उघडलं आणि आत बसवलं. आपल्याकडे भांडण झालेल्या घरात पाणीही कोणी विचारत नाही. इथे पुढ्यात खजूर आले, बोटभर उंचीच्या छोट्या पेल्यांत कॉफी आली, गोड शेवयांवर अंड्याची पोळी घातलेली बशी आली. आजी मला खुणेने खा म्हणत होती.

नूरची आई समोर बसली. ती इंग्रजीत बोलत होती, मिलिंद मला सांगत होता.

"तक्रार नाही करायची म्हणते. नवऱ्याले समजावलं तिनं." मिलिंदने श्वास सोडला. "पण एक गोष्ट मागते ती. तो आवाज ऐकायचा आहे तिले."

मला कळेना. "कशाला?"

"नूर तीन दिवस तेच म्हणते आहे, बाळ तिथं एकटं आहे. आई म्हणते, बाळ नव्हतंच. तर नूर तिले खोटारडी म्हणते. आईनं स्वतः झोपेतून उठल्यावर तो आवाज लांबून ऐकला होता, पण तिले तो नूरचाच वाटला."

आर्याने रेकॉर्ड केलेला आवाज मिलिंदच्या फोनवर होता. मी नको म्हणाले. नूरच्या आईने हात पुढे केला. मिलिंदने फोन टेबलावर ठेवून लावला, अगदी हळू.

ती ऐकत बसली. तिचा हात आपोआप पोटापाशी गेला. आतून आजी पिठाने भरलेल्या हातांनी धावत आली आणि दारात थांबून इकडेतिकडे पाहू लागली. नूरच्या आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी म्हणाली.

"म्हणते," मिलिंद म्हणाला, "मीसुद्धा गेले असते."

त्याने फोन बंद करायच्या आत नूर आली होती. टाचेला पट्टी, एका पायावर लंगडत. ती सरळ टेबलापाशी आली, फोन उलटा करून पाहिला, टेबलाखाली पाहिलं. मग मला ओळखलं. मागे सरेल असं वाटलं, पण सरली नाही. "वेन अल-बेबी?" तिने मला विचारलं. बाळ कुठे आहे?

मी तिच्या आईकडे पाहिलं. ती मिलिंदला म्हणाली, "माझं नाही ऐकत ती. बोलावलं हिने होतं, हिनेच सांगावं."

खरं काय सांगणार? ते बाळ ससा होतं, अमेरिकेतलं, केव्हाच मेलेलं, आणि त्याचा आवाज तेवढा डबीत भरून विकायला ठेवला होता, हे चार वर्षांच्या मुलीला? मी खाली गालिच्यावर बसले, तिच्या उंचीला आले. मिलिंदला म्हणाले, सांग तिला.

"बाळ त्याच्या आईकडे गेलं."

नूरने विचारलं, "तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं."

"आई आली होती?"

"हो. धावत आली होती."

नूरने एकदा आपल्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात मिलिंदला काहीतरी विचारलं.

"विचारते, आई रागावली का त्याच्यावर?"

"नाही," मी म्हणाले. "नुसती रडली."

मिलिंदने तिला ते अरबीत सांगितलं. नूरची आई उठली आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.